नववी ब-च्या पोरी आणि वाळवंटातला उंदीर

२४ मार्च
नववी ब. वाळवंटातले प्राणी. फळ्यावर दोन रकाने: उंट, कांगारू उंदीर. उंट एका दमात बादल्याच्या बादल्या रिचवतो. उंदीर मूठभर, पण पाण्याला तोंडही लावत नाही. कोरड्या दाण्यांवर भागवतो, लघवी थेंबभर. विचारलं, नागपूरच्या उन्हात कोण टिकेल? पोरं ओरडली, उंट! मागच्या बाकावरून पल्लवी म्हणाली, "उंदीर, मॅडम. आम्ही पोरी उंदीरच आहो नं." पोरी खिदळल्या. मीही.

२५ मार्च
डोक्यातून जाईना. मधल्या सुट्टीत पल्लवीला गाठलं. "काहून वं, असं काहून म्हटलं?"
"संडासाले कडी नाही, मॅडम. पाणी पेलं तं जा लागते. म्हणून शाळेत कोणीच पीत नाही."
कोणीच नाही! पोरगी पार कळमन्याहून येते, परत घरी पोचायला दुपार टळते. बाटली सुटेपर्यंत काठोकाठ. सुटताना सगळ्याजणी गेटजवळच्या जास्वंदीला ओततात, आईने विचारू नये म्हणून. आणि मी ती जास्वंद बघून रोज खूश. बापरे.

२७ मार्च
मुख्याध्यापक सरांकडे गेले, पोरींच्या संडासाला कडी हवी म्हणून. "परीक्षा झाल्यावर पाहू नं मॅडम. चार-पाच तासांनं काय होते?" स्वतःच्या केबिनला लागून संडास आहे यांच्या. टाळकंच सरकलं. तरी "बरं सर" म्हणून तासाला गेले.

३० मार्च
पल्लवी प्रार्थनेत कोसळली. थंडी वाजून ताप. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, लघवीच्या मार्गात संसर्ग, किडनीपर्यंत गेलाय. भरतीच केली.
तिची आई सारखी म्हणत होती, "पाणी तं बराबर पिते मॅडम. बाटली रोज रिकामीच आणते."
तिला जास्वंदीचं सांगू कसं?

१ एप्रिल
काल सदरच्या बाजारातून कडी, स्क्रू आणले. आज स्वतःच ठोकली. मुख्याध्यापक सर दारात: "परवानगी घेतली का?" म्हटलं, नाही. वर्गात सांगितलं, कडी लागली, आता पाणी प्या गं. सगळ्या माना हलल्या.
पल्लवीचा ताप उतरला नाही.
शाळा सुटून सगळ्या पोरी गेल्यावर गेटशी गेले. जास्वंदीखाली हात घातला.
माती ओलीच.