लहान वाटीचे तांदूळ

बाबा, आज तुमची फार आठवण आली, आणि तीही भर मीटिंगमध्ये. तुम्ही सरकारी पाहणीसाठी घरोघर जाऊन लोकांनी काय खाल्लं, काय विकत घेतलं ते विचारायचात. मी आता त्याच उत्तरांवरून गरिबी किती घटली ते काढते, एसीत बसून. नव्या पाहणीत ती एकदम उतरलेली दिसते, त्यामुळे साहेब खूश. म्हणाले, "मॅडम, पुराना आंकड़ा, नया आंकड़ा, बीच में लाइन खींच दो." पण तुम्ही महिनाभराचं विचारायचात, आता भाजी-दूध आठवड्याचं विचारतात. महिन्याचं माणूस विसरतो, आठवड्याचं त्याला आठवतं. जास्त आठवलं की जास्त खाल्लं असं दिसतं, आणि नुसता प्रश्न बदलल्यानं काही घरं गरिबीतून बाहेर पडतात. हे साहेबांना सांगताना मला ब्राह्मणपाऱ्यातलं माझ्या लहानपणीचं आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं.

आईची पितळी वाटी कल्हईला गेली आहे. ती स्टीलच्या छोट्या वाटीनं तांदूळ घेते आहे आणि मी नाचते आहे, "बाबा, आज एक वाटी जास्त! आपण श्रीमंत झालो!" तुम्ही ठसका लागेपर्यंत हसता, मग डोक्यात टपली. "पोट्टे, वाटी लहान झाली, तांदूळ नाही वाढला. काहून नाचून राहिली?" मी रुसले, तेव्हा भात तुम्हीच कालवून भरवलात.

म्हणून मी गुढियारी वस्तीतल्या काही गल्ल्यांत निम्म्या घरांना नव्या तऱ्हेनं आणि निम्म्यांना तुमच्या तऱ्हेनं विचारायला लावलं. सोबत मीही गेले. एक बाई हसत म्हणाली, "महीना भर के बात कोन सुरता राखही, दीदी!" महिन्याचं कोण लक्षात ठेवणार, असं. आठवड्याचं विचारलेल्या घरांत खाणं जास्त निघालं; तेवढं वजा करूनही गरिबी घटली आहे बाबा, खरंच घटली आहे, फक्त साहेबांना हवी तेवढी नाही. मी तसंच लिहून दिलं. माझ्या बढतीची फाइल त्यांच्याच टेबलावर आहे आणि ते माझ्याशी बोलत नाहीत. भीती वाटते. तुम्ही असतात तर पाठीवर हात ठेवला असतात.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. आई गेल्यावर पितळी वाटी माझ्याकडे आली. घरात आम्ही दोघंच, रोज भात उरतो. नवरा म्हणतो, "छोटी वाटी घे ना आता." माप मधेच बदलायचं नसतं, असं मी त्याला ठसक्यात ऐकवते. खरं कारण एवढंच की त्या वाटीत अजून तुमचं जेवण धरलेलं असतं.