कोपऱ्यातले दाणे कोण हलवतं?

लोणखेडा, तालुका शहादे
माघ वद्य पंचमी, शके १८५६

राजमान्य राजश्री नवलराव मेहुणे यांस नवापूर मुक्कामी लोटन धर्माजी याचा सप्रेम नमस्कार. इकडे तुमची बहीण कौसा आणि मी सुखरूप आहोत (सुखरूप म्हणजे अजून तरी कोणी काही केलेलं नाही). तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात बरा आहे म्हणालात, पण अक्षर तुमचं वाटलं नाही, म्हणून पुन्हा विचारतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, नंदुरबारच्या जिनात माझा जन्म कापसाच्या काट्यावर गेला. कापूस ओला करून आणणारे, गाठोड्यात दगड दडवणारे आणि वर "मुनीमजी, तब्येत कशी शे?" म्हणून विचारणारे, सगळे पाहिले. त्यामुळे काम सुटल्यावर इथे जमीन घेतली तेव्हाच ठरवलं, घर बांधायचं ते नाल्याकडच्या टोकाच्या कोपऱ्यात. दार एकच, तेही गावाकडे पाठ करून. खिडक्या आढ्याखाली, म्हणजे उजेड येईल पण कोणाची नजर येणार नाही. कौसाला जमिनीवर काठीने आखून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "तठे बोलाले कोन शे?" मी म्हटलं, तेच तर त्यातलं सुख.

ज्याने जमीन विकली तो दलसिंग बांधाला लागूनच राहतो, विहिरीजवळच्या कडुलिंबापाशी. माणूस फार गोड. आम्ही शेतातल्या झोपडीत उतरलो त्याच दिवशी ताक पाठवलं, दुसऱ्या दिवशी खाट आणून दिली. आता तुम्हीच सांगा, जमीन विकून मोकळा झालेला माणूस ताक कशाला पाठवील? याला जमीन परत घशात घालायची आहे, हे मी पहिल्याच पेल्यात ओळखलं. (ताक प्यालो. टाकून दिलं असतं तर त्याला संशय आला असता.)

त्यात इकडची एक रीत निघाली. घर बांधण्याआधी त्या जागी वीतभर खड्डा करायचा, तळाशी दादर ज्वारीचे दाणे जोडीजोडीने मांडायचे, वर पळसाचं पान आणि त्यावर मडकं पालथं. सकाळी जोड्या जागच्या जागी असल्या तर जमीन राजी. विस्कटल्या तर तिथे घर नाही. "पहिले जमीनले इचारी ल्या, मंग पाया खंदा," असं दलसिंग म्हणाला, आणि आमचा गवंडी उदेसिंग याने त्याचीच री ओढली. दाणे हलले नाहीत हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो कुदळ मारणार नाही. मी असलं मानत नाही. पण न मानणाऱ्याची भिंत पडली तर हसायला गाव मोकळं, म्हणून मांडले. सकाळी पाहतो तो दाणे चहूकडे. पुन्हा मांडले, पुन्हा तेच. मी राखण करायला बसतो, पण डोळा लागतो. (ताकात काही असावं.) पावसाआधी छप्पर चढलं नाही तर चातुर्मास झोपडीत, चिखलात काढावा लागेल, आणि कौसाला दम्याचा त्रास आहे.

मग मी मडक्याभोवती राख पसरली. सकाळी राखेत पाऊल उमटलेलं, आणि बोटाशी जोडव्याची खूण. म्हणजे दलसिंग स्वतः येत नाही, बायकोला, धनुबाईला, पाठवतो. केवढा पाताळयंत्री माणूस! कौसाला म्हटलं, त्यांच्या घरी जा आणि त्या बाईचे पाय बघून ये. गेली ती दुपारभर. परत आली तेव्हा तोंड विड्याने रंगलेलं. म्हणाली, पाय नीट दिसले नाहीत, उद्या पुन्हा जाते. तेव्हापासून रोज जाते आहे, पाय अजून दिसायचे आहेत. (हेरगिरी म्हणजे सबुरीचं काम. ती सबुरी तुमच्या बहिणीत आहे, हे मी तिला बोलूनही दाखवलं.)

परवा दलसिंग म्हणाला, नाल्याकडची जमीन राजी नसेल तर माझ्या बांधाशी, कडुलिंबाजवळ मांडून बघा. डाव उघडा पडला. मला डोळ्यांसमोर ठेवायचं, दुसरं काय? त्याला खोटं पाडायला तिथेही मांडले. एक दाणा हलला नाही. कुठले हलवायचे आणि कुठले नाही, हे त्याने आधीच ठरवलेलं आहे.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद आणि वाचून झाल्यावर हे पत्र चुलीला.

तुमचा
लोटन

ता. क. खरं काम राहिलंच. तुम्ही ताबडतोब या. गुडघा दुखत असला तरी या, नाहीतरी मडक्यापाशी बसूनच राहायचं आहे. या जगात माझा भरवसा तुमच्यावर आणि तुमच्या बहिणीवर. पाकीट चिकटवायला तिच्याकडे देतो, खळ तिच्याकडे आहे.

ता. क. भाऊ, मी कौसा. दाना मीच हालाडस. जमीन माफ करी. नंदुरबारले जलम गया, यास्नी कोनले दारशी येऊ दिधं नही. अठे धनुबाई शे तर दोन गोष्टी बोलस. त्या कोपरामा मी मरी जासू. तू ये, आनि निंबना झाडजोडेनी जागा चांगली शे, इतलंच सांग.

ता. क. टपालात टाकण्याआधी पाकीट उघडून पाहिलं (दुसऱ्याने चिकटवलेलं पाकीट मी कधीच तसं सोडत नाही). वरचा मजकूर वाचला. गाठोड्यातला दगड हात न लावता ओळखणारा मी, पण घरातल्या बाईचं पाऊल मला ओळखता आलं नाही. फार वाईट वाटलं. उदेसिंगला आताच सांगून आलो, पाया कडुलिंबाजवळ, दार दलसिंगच्या दारासमोर. तुम्ही याच, पण राखणीला नको, वास्तूला या. आणि मी हे वाचलं, हे कौसाला कळू देऊ नका. धनुबाईचे पाय बघायला तिला अजून बरेच दिवस जायचं आहे.