नवव्या वेळी

प्रिय तेप्पेई,

माझं स्केटबोर्ड कठड्यावरून घासत खाली चाललं होतं आणि बँकेचा म्हातारा रखवालदार पायऱ्यांच्या तळाशी ‘थांब’ म्हणून हातांची फुली करून उभा होता. मला तो वरूनच दिसला होता. ‘दिसलाच नाही’ असं तुला सांगितलं, ते खोटं. कडेला उडी टाकता आली असती. टाकली नाही. बोर्डाचं टोक त्याच्या गुडघ्याखाली बसलं. आवाज फार मोठा नव्हता. हाड पँटमधून बाहेर आलं होतं.

तू कॅमेरा खाली ठेवला नाहीस. आपल्यात तसंच असतं. उडी साधल्याशिवाय कुणी घरी जात नाही. मी आठ वेळा पडलो होतो, तोंडात रक्त होतं. “ऊन चाललंय रे गाढवा, परत वर जा!” तू ओरडलास. मी म्हटलं, “आणि आजोबांचं काय?” तू म्हणालास, “आजोबा कुठे पळून चाललेत?” मी हसलो, तेप्पेई. दोघांनी त्याला काखेत धरून कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर ओढलं. नवव्या वेळी मी नीट उतरलो. मग अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला आणि पळालो.

त्या अकरा सेकंदांच्या चित्रफितीने मला सगळं दिलं. परदेशातली पहिली स्पर्धा, मग दोनदा जगज्जेतेपद. दुसऱ्यांदा तर फासळी मोडलेली असताना. लोकांना ते फार आवडलं. शाळकरी मुली आता माझ्या कोपरावरच्या व्रणांचे फोटो काढतात. बाजारातली टोफूवाली मावशी, जिने तुझ्या डोक्यात झाडू घातला होता, ‘आमचा काइशू’ म्हणून गिऱ्हाइकांना माझं पोस्टर दाखवते. तू मात्र कॅमेरा विकून लोणच्यांच्या कारखान्यात लागलास. का, ते मी विचारलं नाही.

गेल्या रविवारी सह्या देत होतो. रांगेत ते रखवालदार आजोबा आले, काठी टेकत, नातीला घेऊन. मोरिवाकी नाव त्यांचं. पाय लवत नाही, तरी कमरेत पूर्ण वाकले. म्हणाले, “त्या दिवशी मी तुमच्या वाटेत आलो. माफ करा. स्वतःच घसरलो असं साहेबांना सांगितलं. तुमचं नाव कुठे आलं नाही.” मागून रांग ढकलत होती. मीही वाकलो, रीतीप्रमाणे, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “हरकत नाही.”

उद्या सकाळी वॉर्ड ऑफिस बँकेच्या पायऱ्यांचा तो कठडा नव्या स्केटबोर्डच्या मैदानात माझ्या नावाने बसवतंय. मी त्यावरून उतरायचं आहे. मी उतरणार नाही, माइकवर सगळं सांगणार आहे. तुझं नाव घेणार नाही, पण बातमीदार शोधत येतील. ते तुझ्या दारात येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. मूळ चित्रीकरण तुझ्याकडे आहे. पोलिसांना द्यायचं की जाळायचं, तू ठरव.

तुझाच,
काइशू

दुसरा दिवस, सकाळी अकरा. पत्र अजून टाकलेलं नाही. सांगितलं. आधी लोकांना गंमत वाटली, हशा झाला. मोरिवाकी पुढेच बसले होते. मी खाली उतरून त्यांच्यासमोर जमिनीला कपाळ टेकलं. तेव्हा सगळ्यांना कळलं की माणूस कोण. “काइशूला अडकवायला आलास काय रे म्हाताऱ्या?” मागून कुणीतरी ओरडलं. भरलेली बाटली आली, मग माणसं त्यांच्या अंगावर आली. मोरिवाकींचा खांदा मोडलाय. मी हॉस्पिटलच्या बाकावर आहे. शेजारी त्यांची नात बसली आहे. आजोबांची काठी तिने आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली आहे.