विर्यो सरांची जागा

सोमवार, ५ ऑगस्ट
आजही तेच! मी फाटकावर उभी. मुलं ओळीनं आली, एकेकानं माझा हात धरून कपाळाला लावला — इथली रोजचीच रीत. आणि मग दोन पावलं माझ्या उजवीकडे सरकून पुन्हा वाकली. कुणापुढे? रिकाम्या जागेपुढे! तिथे विर्यो सर उभे राहायचे. गेल्या महिन्यात वारले. त्यांच्याच वर्गावर मला घेतलंय, तेही तात्पुरतं. अंगावर काटा आला.

मंगळवार
मोठ्या बाईंनी, म्हणजे एंडांगबाईंनी, बोलावून झापलं. "शुक्रवारी तपासणीला साहेब येतायत. त्यांच्या शेऱ्यावर तुझी नोकरी कायम होणार. हा भुताटकीचा तमाशा बंद कर. जरा प्रोफेशनल हो!"

वर्गात समजावलं. छोटी लास्त्री तेवढी उठली. "पण बाई, सर हात पुढे करून उभे असतात. तसंच कसं जायचं?"

"तुला दिसतात?"

"दिसत नाहीत. हात लागतो. खरखरीत, खडूवाला. तुमचा कसा मऊ!"

पोरं खिदळली. मला काही हसू आलं नाही.

बुधवार
उजवा दंड सकाळभर गार. डोंगरातलं गाव, धुकं, गारठा असणारच. असणारच!

गुरुवार
आज डोळे वटारले. "जो तिकडे वाकेल तो दिवसभर बाहेर उभा राहील!" कुणी वाकलं नाही. सगळी मुकाट आत गेली. लास्त्री मात्र फाटकातूनच माघारी फिरली.

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. बाप बटाट्याच्या शेतात होता. "आता शाळेत जाणारच नाही म्हणते. सरांना एकटं सोडून आत कशी जाऊ, म्हणते." हाताची माती झटकत म्हणाला, "बाई, हिची आई हाँगकाँगला, लोकांची पोरं सांभाळते. सर रोज हिला हाताला धरून वर्गापर्यंत न्यायचे. दुसरा हात होता कुणाचा हिला?"

रोज माझ्या हाताला ही कपाळं लागतात आणि मी कुणाचा गणवेश मळलाय ते बघत असते. प्रोफेशनल म्हणजे काय — हात पुढे करायचा आणि आपण मागे राहायचं? फार लाज वाटली. म्हटलं, "उद्या पाठवा तिला. सरांच्या जागेवर मी उभी राहते. आणि तिला जिथे वाकायचं तिथे वाकू दे." नोकरी गेली तर गेली!

शुक्रवार
साहेब आले. मी सरांच्या जागेवर, हात पुढे करून. आणि लास्त्री आली! माझा हात कपाळाला लावला. मी तिचा हात लगेच सोडला नाही. वाटलं, चला, निभावलं. तर ही बया दोन पावलं माझ्या डावीकडे सरकली आणि तिथे वाकली — कालपर्यंत मी उभी असायचे तिथे! मागची सगळी रांग तिच्यामागोमाग तशीच. एंडांगबाईंच्या तोंडाकडे बघवेना. साहेबांनी काहीतरी खरडलं.

"अगं, आता तिकडे कोण?" मी हळूच विचारलं.

"सरच. तुम्हाला जागा दिली ना त्यांनी."

शनिवार
शेरा काय ते अजून कळलं नाही. मुलं यायच्या आधीच फाटकावर पोचले. चिटपाखरू नव्हतं. माझ्या नव्या जागेवरून डावीकडे वळले. वाकले.

हात लागला. खरखरीत.