वच्छलाबाईच्या हातचे लाडू

प्रिय दिव्यानी,

बाळंतिणीनं फार वाचू नये, डोळ्यांवर ताण येते म्हणतात. म्हणून हे सारं एका बैठकीत वाचू नको, पोरगी झोपली की थोडं थोडं वाचजो. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू माझ्याशी हो-नाई एवढंच बोलते आणि मग बाबाले दे म्हणते. परवा बाबाशी बोलत होती तेव्हा मी चुलीपाशीच होती. त्याईले कमी ऐकू येते, फोन मोठ्या आवाजात लावतात, हे तुले माहीत आहे. सव्वा महिना झाला की घ्यायले येतो, असं ते म्हणाले, आणि तू म्हणाली, येऊ नका. जिनं लाडूसुद्धा दुसरीच्या हातानं करून आणले, माझ्या पोरीले हात लावला नाई, तिच्या घरी मी लेकरू घेऊन काऊन येऊ? बाबानं माझ्याकडं पाहिलं नाई. मी भाकर उलटवत राह्यली, ती करपली तरी उलटवतच राह्यली.

मले राग आला असं तुले वाटत असेल. राग कसचा बाई, लाज वाटली. अजून वाटून राह्यली. तुझी खोली तयार आहे. बाबानं भिंतीले चुना मारला, बाज नवीन विणून घेतली. शेकायले कोळसे भरून ठेवले आहेत. शेजारची वच्छलाबाई येता-जाता विचारते, पोट्टी कधी येते? मी सांगते, येईल, पौर्णिमा होऊ दे. खोटं बोलायची मले आता चांगलीच सवय झाली.

मी या घरी आली तेव्हा तू पहिलीत होती. तुझी माय जाऊन वर्षही झालं नव्हतं. मले मावशी म्हण, असं तुले कोणी शिकवलं कोणास ठाऊक, पण ते बरंच झालं, माय म्हणायची जबरदस्ती तुझ्यावर झाली नाई. घरात तू माझ्या हातचं खात नव्हती. ताट सरकवून द्यायची. आणि शाळा सुटली की अंगणवाडीच्या मागच्या दारी येऊन खिचडीच्या गंजाच्या बुडाशी लागलेली खरवड मागायची. ती मावशीच्या हातची नाई, सरकारची खिचडी आहे, असं सांगून खायची. मी मदतनीस होती, शिजवत मीच होती, तुलेही ते दिसत होतं. मी खरवड जास्त लागावी म्हणून मुद्दाम जाळ वाढवायची. गावातली अर्धी पोरं माझ्या हातची खिचडी खाऊन मोठी झाली, पण मले त्यातलं एकच पोरगं दारात उभं दिसते.

तुले दिवस गेले कळलं आणि मी जमवाजमव सुरू केली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मी धरूनच चालली होती. मग तुझ्या सासूबाईचा निरोप आला. तुमच्या घरी लेकरू झालेली बाई नाई, तर दिव्यानीले इथीच अहेरीले राहू द्या. वाईट काहीच बोलल्या नाई, उलट गोडीनं बोलल्या. मी बरोबर आहे म्हटलं आणि फोन ठेवून दिला. बाळंतपण गेलं, पण बाळंतविडा तरी माझा, असं मनाशी म्हटलं. गोंडपिपरीच्या बाजारातून धावड्याचा डिंक आणला, खारीक, खोबरं, मेथी, सुंठ, ओवा आणला. दुकानातली गोडंबी खवट निघाली. आपल्याकडं गोडंबीशिवाय बाळंतिणीचा लाडू म्हणजे नुसती मिठाई. मग जंगलातून बिब्बे आणते त्या सोमारीकडून टोपलीभर बिब्बे घेतले, घरीच फोडून आतली गोडंबी काढायले.

वच्छलाबाई तेवढ्यात येऊन बसली. म्हणाली, रुखमाबाई, राग मानू नको, पण जिची कूस उजवली नाई तिच्या हातचं बाळंतिणीच्या पोटात जाऊ नये. तू सामान दे, लाडू मी वळते. ती मनानं वाईट नाई. पोट बांधायले तिनं आपलं मऊ झालेलं सुती लुगडं आणून दिलं. मी माझं धुऊन ठेवलं होतं, ते हळूच पेटीत परत टाकलं. अंगणवाडीत मी पोटुशा बायाले सांगत असते, असलं काही मनात आणू नका बाई, खा-प्या. तिच्यासमोर मात्र मुकाट्यानं मान हलवली.

मग अहेरीले आली. आष्टीचा पूल ओलांडेपर्यंत डबा मांडीवरच होता, खाली ठेववला नाई. तुझ्या खोलीत ओव्याची धुरी होती, तू बाजेवर अगदी पांढरी पडलेली दिसली. तुझ्या सासूबाईच्या दोन जावा बसल्या होत्या. सासूबाईनं डबा उघडला, वास घेतला आणि विचारलं, कोणाच्या हातचे? मी म्हटलं, वच्छलाबाईच्या, चार लेकरांची माय आहे. त्या खूश झाल्या, एक मोडून सगळ्याईले दिला. तू भिंतीकडं तोंड केलं. थोड्या वेळानं तूच पोरगी उचलून माझ्यासमोर धरली, घे म्हणाली. मी हात पदराखाली घेतले. झोपली आहे, असू दे, असं म्हटलं. मग बसची वेळ झाली म्हणून उठली. बस यायले खूप वेळ होता. स्टँडवर बसून राह्यली.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते लिहिते. वच्छलाबाईनं एकही लाडू वळला नाई. ती धान चुरायले, मळणीले शेतावर गेली होती, सामान माझ्यासमोर पडलं होतं, आणि मले राहवलं नाई. दार लावून घेतलं, चोरासारखं. हाताले तेल लावलं, राख लावली, बिब्बे फोडले, डिंक तळला, सारे लाडू मी वळले. दुसऱ्या दिवशी बिब्ब्याचा चीक हातावर उतला. बोटं सुजली, तळवे काळे पडले, फोड आले. ते हात घेऊन मी तुझ्याकडं आली होती. कोणी पाहिले असते तर लाडू कोणाचे ते विचारावं लागलं नसतं, म्हणून ते पदराखाली होते. तशा हातानं पोरगी घेतली असती तर तिच्या कोवळ्या अंगाले इजा झाली असती, ही भीती खरीच होती. पण आधी लाज होती, माझ्याच हाताची. आणि त्याहून लाजेची गोष्ट ही, की वच्छलाबाईचं म्हणणं मलेही थोडं खरं वाटलं होतं. वळता वळता मी देवाले म्हणत होती, माझं काही तिले लागू देऊ नको. डब्यात लाडू उरले असतील तर कोणाचे ते आता तुले माहीत आहे. खा, नाईतर गाईले घाल, मी काही म्हणणार नाई. फक्त मी हौसेनं केले नाई असं समजू नको. वच्छलाबाईले मी काल खरं सांगून टाकलं, ती रुसली आहे, रुसू दे. खोबरेल लावून लावून माझी कातडी निघाली, खाली नवी आली आहे. बाबा नवे तांदूळ घेऊन येतील, त्याईच्याच हाती हे पत्र देते. त्याईच्यासोबत तू आली तर खोली तयार आहे. नाई आली तर मीच अहेरीले येते, आणि तुझ्या सासूबाईनं विचारलं तर लाडू कोणाचे ते सांगते. या वेळी हात झाकून येणार नाई. पोरगी एकदा माझ्याकडं देजो.

तुझीच,
रुखमा मावशी