झाकण उघडण्याआधी

२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्या शिलाई मशीनच्या खडखडाटात माझं निम्मं बोलणं वाहून जातं, म्हणून सविस्तर लिहिते. खोली छान आहे. वरच्या मजल्यावर, खिडकीला गज नाहीत, आणि घरमालकीण दिवसातून एकदाच चौकशा करते. कामही आवडलंय. घरोघरी जायचं, अंगणातल्या चेंबरचं लोखंडी झाकण वाकड्या सळईने उचलायचं, खालच्या पाण्याच्या मीटरचं रीडिंग घ्यायचं आणि पुढचं घर गाठायचं. चालून चालून पाय दुखतात, पण कोणी मानेवर बसलेलं नसतं.

अडचण झाकणाखाली आहे. तिथे ओल असते, काळोख असतो, आणि ज्यांना दोन्ही आवडतं ते सगळे तिथे राहतात. परवा एका चेंबरमधून माझ्या तळहाताएवढा कोळी निघाला आणि सरळ माझ्या बुटावरून चालत गेला. मी सळई टाकून फाटकापर्यंत पळाले. कालच्या घरी मीटरच्या काचेवर वीतभर लांब घोण पसरली होती. तिच्या पायांखालून आकडे वाचायचे म्हणजे काय ते तू एकदा करून बघ. आता प्रत्येक झाकणाभोवती मी आधी दोन फेऱ्या मारते. बाकीचे आपापली गल्ली संपवून चहाला जातात, तेव्हा मी अर्ध्यावर असते.

सुपरवायझर साहेबांनी आजच सांगितलं की उमेदवारीच्या मुदतीत ज्याची गल्ली वेळेवर संपत नाही, त्याला कायम करता येत नाही. तसं झालं तर तुझ्या दुकानात परत काजं-बटणं करायला बसावं लागेल. राग मानू नकोस दादा, पण आता मला काजं-बटणं करायची नाहीत. ही नोकरी मला हवी आहे, अगदी मनापासून हवी आहे.

जेवण वेळेवर घेत जा. माया आहे तेवढी राहू दे, वाढली तरी हरकत नाही.

तुझी,
बबडी


९ मार्च

चि. बबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आवरेना. अंगणात नाकतोडा आला म्हणून झोपाळ्यावरून खाली न उतरलेली मुलगी ती तूच. आईने शेवटी ताट झोपाळ्यावर आणून दिलं होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तुझ्यापाठी कोळी.

इथे सगळं बरं. बँकेतल्या जाड्या साहेबांचा कोट तिसऱ्यांदा उसवायला आलाय. ते म्हणतात कापड आकसलं. मी हो म्हणतो. स्वयंपाक अजून हातून दोघांचाच होतो. आई गेली, तू गेलीस, पण हाताला ते कोण सांगणार? उरलेलं शेजारच्या घड्याळवाल्याकडे जातं, तो आता मिठाबद्दलही बोलायला लागलाय.

उंटावरून शेळ्या हाकतोय असं म्हणशील, तरी एक सुचवतो. आपल्या घरात दारांना कड्या नव्हत्या, नुसते पडदे. म्हणून आजोबांपासून सगळ्यांना एकच शिस्त: कुठेही शिरायचं तर आधी खाकरायचं, जरा थांबायचं, मग आत जायचं. त्या कोळ्याचंही ते घरच आहे. तू न सांगता त्याचं छप्पर उचलतेस, तर तो दचकणार नाही? सळईने झाकणावर ठोक, खाकर, थोडी थांब. त्याला आवराआवर करू दे.

आणि नाहीच जमलं तर लाज वाटून घेऊ नकोस, सरळ परत ये. दुकान तुझंच आहे.

प्रकृतीला जप. आशीर्वाद पोटभर आहेत, पुरवून वापर.

तुझा,
दादा


२८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी युक्ती लागू पडली. ठोकते, खाकरते, थांबते. झाकण उचलेपर्यंत मंडळी कोपऱ्यात सरकलेली असतात. कोणाचे पाय तेवढे दिसतात, पण ते दिसले तरी चालतं. सवयीने मी आता ‘येऊ का’ असंही विचारते. मागच्या आठवड्यात गल्ली वेळेत संपली आणि मी सगळ्यांबरोबर चहा प्यायले. इतका चांगला चहा मी आयुष्यात प्यायले नव्हते.

पण करायला गेले काय आणि वरती झाले पाय. मी दर अंगणात खाकरते ते लोकांना दिसतं, कोळी दिसत नाहीत. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तक्रार केली, की खोकल्याने बेजार झालेली मुलगी आमच्या पिण्याच्या पाण्यावर वाकायला पाठवता, हे बरं नव्हे. मग आणखी दोन घरांनीही तेच कळवलं. साहेबांनी बोलावून घेतलं. मी डॉक्टरांचा दाखला नेला. त्यांनी तो वाचला, बाजूला ठेवला, आणि म्हणाले की लोक दाखला बघत नाहीत, तुम्हाला बघतात. मी खरं कारण सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात ते स्वतः माझ्याबरोबर गल्लीत येणार आहेत. खाकरायचं नाही, थांबायचं नाही. गल्ली नीट झाली तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणाले. दादा, मला फार भीती वाटते आहे. कोळ्याची नाही, ती आहेच. नोकरी जाण्याची.

आठवण ठेव, आणि या वेळी थोडी जास्तच ठेव.

तुझी,
बबडी


१ एप्रिल

चि. बबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्याच युक्तीने तुला गोत्यात आणलं, याचं फार वाईट वाटतं. कालपासून कामात लक्ष नाही, एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

एवढा जीव टांगणीला लावून करण्यासारखं त्या नोकरीत काय आहे? साहेब यायच्या आधीच निघून ये. कोणी काढलं असं व्हायला नको, आपणच सोडली असं होईल. मी स्टेशनवर घ्यायला येतो. गाडी कोणती ते कळव.

वाट पाहतो.

तुझा,
दादा


८ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गाडी कळवली नाही, कारण मी निघाले नाही. काल साहेब आले होते.

पहिली काही घरं मी दात आवळून केली. एका ठिकाणी गोगलगाय, एका ठिकाणी नुसती झुरळं. मग शिक्षिकाबाईंचं घर आलं. त्या खिडकीत उभ्या होत्याच. तिथलं झाकण जड आहे आणि गंजून बसलंय. मी सळईने एक कड उचलली, तर साहेबांनी मदत म्हणून चार बोटं खाली घातली. तेवढ्यात आतून कोळी आला. एवढा मोठा मी पाहिला नव्हता, आणि त्याच्या पाठीवर पिल्लंच पिल्लं. कोळीणच म्हणायची. बिचारीला कोणी सांगितलंच नव्हतं. ती सळईवरून चढली, माझ्या हातावर आली आणि बाहीवरून वर निघाली.

दादा, मला सळई टाकायची होती. सगळं अंग तेच सांगत होतं. पण टाकली असती तर साहेबांची बोटं गेली असती. मी त्यांना म्हटलं, हात काढा. ते हलले नाहीत. त्यांची नजर माझ्या बाहीवर खिळली होती आणि चेहरा चुन्यासारखा झाला होता. मी पुन्हा म्हटलं, हळू आवाजात, आईने म्हटलं असतं तसं. तोवर ती खांद्यावर पोचली होती. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी बोटं ओढून घेतली. मग मी झाकण सावकाश बाजूला ठेवलं, कुंपणाजवळ जाऊन खांदा पानांना टेकवला, ती उतरेपर्यंत उभी राहिले, आणि परत येऊन रीडिंग घेतलं. त्यानंतर शिक्षिकाबाईंनी बाहेर येऊन मला पायरीवर बसवलं. पाणीही त्यांनीच दिलं.

साहेब बराच वेळ बोटं चोळत बसले होते. मग बाईंना म्हणाले, की यापुढे ही मुलगी खाकरेल, ठोकेल, हवं तर गाणं म्हणेल, तक्रार आली तर माझ्याकडे पाठवा. आज सकाळी कायम केल्याचं सांगितलं.

तू ये म्हणालास आणि मी आले नाही, याचं मनात आहे. रागावला असशील तर तसं लिही, पण लिही.

तुझी,
बबडी


१५ एप्रिल

चि. बबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावलो नाही. पत्र दुकानात मोठ्याने वाचलं. घड्याळवाला, कोटवाले साहेब, सगळ्यांना ऐकवलं, आणि ‘हात काढा’ या जागी आलो तसं पत्र घड्याळवाल्याच्या हातात दिलं, पुढचं त्याने वाचून दाखवलं.

एक लिहायचं राहिलंय. तुला परत ये, परत ये लिहीत होतो ते तुझ्या काळजीने लिहितोय असं मलाही वाटत होतं. तसं नव्हतं. घर फार मोठं झालंय बबडे, आणि मला एकट्याला राहता येत नाही. तू अंगावर कोळीण घेऊन उभी राहिलीस, मला रिकाम्या घरात जेवायला बसवत नाही. पण ते माझं मी बघेन. शिकतोय.

परत ये असं आता लिहिणार नाही. सुट्टी मिळाली की भेटायला ये.

तुझा,
दादा