मसिरापर्यंतचे थांबे

बाई, सध्या आमच्या घरात एक होडी ओमानला न्यायचं चाललं आहे. पाण्यातून नाही, रस्त्यानं. मुलाच्या पिकअपला मागे ट्रेलर जोडायचा, ट्रेलरवर होडी बांधायची आणि इथून, अल कुसैसमधल्या आमच्या घरून निघून हत्ताच्या डोंगरातून सीमा ओलांडायची. मग सोहार, निझवा, आणि पुढे वाळवंटातून खाली खाली जात राहिलं की शन्ना नावाचं एक लहानसं बंदर येतं. तिथून फेरीबोट मसिरा बेटावर जाते. म्हणजे आमची होडी आधी वाळूतून जाणार, मग दुसऱ्या बोटीत बसून समुद्र ओलांडणार आणि बेटावर पोचल्यावर कुठे तिला स्वतःला पाण्यात उतरायला मिळणार. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा नात मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आजोबा, दॅट्स सो एक्स्ट्रा." म्हणजे उगाचचं, असा अर्थ सुनेनं नंतर समजावला. तुम्हाला मात्र होडीनं बोटीत बसणं आवडलं असतं असं वाटलं, म्हणून लिहायला बसलो.

तुम्ही गेल्याचं मला इथे जबल अलीच्या बंदरावर कळलं होतं. नोकरीला लागून वर्षही झालं नसेल. भावाच्या पत्रात घरचं, शेजारचं सगळं लिहून झाल्यावर अगदी शेवटी एक ओळ होती, की शाळेतल्या बाई वारल्या. कंपनीच्या बसमध्ये ते पत्र वाचलं आणि खिडकीतून कंटेनरांच्या रांगा बघत बसलो. पलीकडे समुद्र होता. त्या दिवशी मनात आलं, की तुम्ही आम्हाला समुद्राच्या इतक्या कविता शिकवल्या आणि समुद्र काही तुम्हाला बघायला मिळाला नाही. पुढे कामाच्या रगाड्यात तो विचार मागे पडला. सकाळी बस, संध्याकाळी बस, मध्ये कागद.

माझं काम कागदांचंच होतं. माल सीमा ओलांडून निघाला की तो कोणाचा, कुठून आला, कुठे चालला आणि परत येणार की नाही, एवढं सगळं नीट लिहिलेलं लागतं. निवृत्त झालो तरी हे डोक्यात पडून होतं. त्यामुळे मुलानं जेव्हा सांगितलं, की तो आणि त्याचे ऑफिसातले दोन मित्र हिवाळ्यात मसिराला मासे धरायला जाणार आहेत, तेव्हा मी आपण होऊन म्हटलं, कागदपत्रं आणि रस्ता माझ्याकडे द्या. मुलगा एकदम खूश. "बाबा, यू आर द बॉस," म्हणाला. तो इथेच वाढला. मराठी चांगलं बोलतो, पण आनंद झाला की इंग्रजीत होतो.

मग मी जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग ताब्यात घेतला. गाडी, ट्रेलर आणि होडी, तिघांचे कागद वेगळे. ओमानचा विमा वेगळा. होडी आम्ही तिथे विकणार नाही, परत आणणार आहोत, हे सीमेवर पटवून द्यायचं. फेरीबोटीत ट्रेलर मावेल का, हे फोन करून आधी विचारून ठेवायचं. बायको पोळ्या वाढायला जागा शोधायची आणि म्हणायची, "अहो, बेट उचलून जरा तिकडे ठेवा." मी नकाशा सरकवायचो. खरं सांगतो, निवृत्तीनंतर इतके चांगले दिवस माझे गेले नव्हते.

होडीची हकीकतही सांगतो. दसऱ्याला घेतली, एका इंग्रजाकडून, जुनी, फायबरची. घरात पहिल्यांदा होडी येते आहे तर ती मोठ्या माणसाच्या नावावर असावी असं सुनेचं म्हणणं पडलं, मुलालाही ते पटलं, आणि ती माझ्या नावावर झाली. बायकोनं इंजिनावर कुंकवानं स्वस्तिक काढलं. नारळ कुठे फोडायचा यावर बराच वेळ गेला, कारण होडीच्या नाकावर फोडला तर फायबरला तडा जाईल म्हणून मुलगा घाबरत होता. शेवटी ट्रेलरच्या लोखंडी दांड्यावर फोडला आणि खोबरं त्या इंग्रजालाही दिलं. आयुष्य या देशात गेलं, पण माझ्या नावावर झालेली इथली ही पहिली वस्तू. होडी ओमानला न्यायचं ठरेपर्यंत ते नाव सगळे विसरून गेले होते. मी विसरलो नव्हतो.

थांबे मी फार मन लावून काढले. कुठे पेट्रोल, कुठे चहा, कुठल्या मशिदीपाशी स्वच्छतागृह, कुठल्या गावानंतर लांबवर काहीच नाही. साधारण तासाभरानं एक थांबा येईल असा हिशेब ठेवला. मुलाचा एक मित्र केरळचा आहे, तो यादी बघून म्हणाला, "अंकल, इतना क्यों रुकना है?" मी म्हटलं, ट्रेलरची चाकं. होडीचं वजन घेऊन चाक सारखं फिरत राहिलं की मधला भाग तापतो, थांबून हात लावून बघावं लागतं. यात खोटं काही नव्हतं. सगळ्यांना पटलं. मी पुढचा थांबा शोधायला लागलो. गाडीतली मागची डावी खिडकी मी तोवर मनातल्या मनात माझी धरून टाकली होती. उन्हाची टोपीही कपाटातून काढून बाहेर ठेवली होती.

मागच्या शनिवारी ट्रेलर दाखवायला शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गेलो. गॅरेजवाला पेशावरकडचा, माझ्याच वयाचा असेल. त्यानं चाक उघडलं, बोटानं जुनं ग्रीस काढून मला दाखवलं आणि म्हणाला, "भाईसाहब, आप पीछे बैठोगे ना? तो रास्ते में चक्के को हाथ लगाते रहना." मी तोंड उघडण्याआधी मुलगा म्हणाला, "नहीं नहीं, पापा नहीं आ रहे. पापा ने तो प्लॅनिंग किया है सब." किती कौतुकानं म्हणाला, बाई. माझ्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला. गॅरेजवाल्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत चाकात डोकं घातलं. येताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये मुलगा इंजिनाबद्दल काहीबाही सांगत होता आणि मी हो हो करत होतो. घरी आल्यावर टोपी परत कपाटात ठेवली. बायकोनं पाहिलं. त्या दिवशी मला नको असताना तिनं दुसऱ्यांदा चहा केला.

तो चहा उकळताना तुम्ही आठवलात. शाळेची किल्ली तुमच्याकडे असायची आणि ती आणायला सकाळी मला पाठवायचे. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलेल्या असता, स्टोव्हवर भात असतो आणि तुम्ही कविता म्हणत असता, चालीवर, पंपाच्या ठेक्यात. एकदा विचारलं तर म्हणालात, घड्याळ बिघडलंय, चार कडवी झाली की भात उतरवायचा. मला ते इतकं आवडलं की अजून चहाला मी कडवी मोजतो. बायको म्हणते, पुटपुटू नका, उतू जाईल. मी एकदा वर्गात कविता सिनेमाच्या चालीवर म्हटली म्हणून तुम्ही मला तासभर दाराशी उभं केलं होतं. दुसऱ्या दिवशी भाताजवळ बसवून हळूच म्हणालात, "कालची चाल म्हण बघू एकदा. बसत होती."

आणि मग ती सहल. सातवीत होतो. आपल्या परभणीकडच्या गावातून समुद्र बघायला जायचं, हे तुम्हीच हेडमास्तरांकडून वदवून घेतलं होतं. फळ्यावर तुम्ही निळ्या खडूनं रस्ता काढलात. कुठे भाकरी खायची, कुठे पाणी भरून घ्यायचं, गाडी लागणाऱ्या मुलांनी कुठे बसायचं, सगळं. तो फळा तुम्ही कितीतरी दिवस पुसू दिला नाहीत, गणिताचे सर चिडायचे. निघायच्या दिवशी एसटी उभी राहिली तर पुढच्या बाकांवर हेडमास्तरांचे पाहुणे बसलेले, मुलाबाळांसकट. तुमची जागा उरली नाही. तुम्ही नवीन लुगडं नेसून आला होतात. हेडमास्तर म्हणाले, बाई, तुमचं कसं करायचं? तुम्ही म्हणालात, "जा तुम्ही. मला घरी काम आहे." खिडकीतून आम्हाला लिंबं दिलीत, मळमळलं तर हुंगायला. मी खिडकीशीच होतो. बस वळेपर्यंत तुम्ही फाटकापाशी उभ्या होतात.

परत आल्यावर तुम्ही विचारलंत, कसा आहे समुद्र? सगळा वर्ग ओरडला, मोठा! तुम्ही म्हणालात, मोठा हा शब्द सोडून सांगा. एकेकाला उठवलंत. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "बाई, तो गप्पच बसत नाही." तुम्ही मग म्हणालात, "हे पुस्तकातलं नाही. हे तुझं आहे." तेवढ्या शाबासकीवर मी पुढची वर्षं काढली. पण तुमचं ते काम काय होतं, हे कुणीही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मुलं विचारत नाहीत असं काही. आणि तुम्ही नुसतं "मला यायचंय" म्हणाला असतात, तर त्या पाहुण्यांतल्या एखाद्या पोराला मांडीवर घेऊन जागा झाली असती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. बायको तो चहा गाळत होती तेव्हा आलं.

सोमवारी टायपिंग सेंटरला जायचं होतं. टायपिंग सेंटर म्हणजे इथे सरकारी अर्ज अरबीत टाइप करून देणारं दुकान. होडी माझ्या नावावर, आणि मालक बरोबर नसेल तर त्याचं संमतीपत्र लागेल, हे मी मुलाला आदल्या दिवशी सांगितलं होतं. तो म्हणाला, "मग करून टाकू, एका तासाचं काम आहे." मी सही केली नसती तर होडी हलली नसती, एवढं मला कळत होतं. तसं करायचं माझ्या मनात नव्हतं. मी पासपोर्टच्या प्रती घेऊन मुकाट्यानं गेलो, खुर्चीत बसलो. टाइप करणारा हैदराबादचा, चांगला पोक्त माणूस. सगळं विचारून झाल्यावर तो म्हणाला, "तो ऐसा लिखता हूँ, मालिक साथ में नहीं जा रहा. ठीक?"

मी म्हटलं, "रुको जरा." आणि मुलाकडे वळून मराठीत म्हणालो, "मला यायचंय."

"कुठे?"

"मसिराला."

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "बाबा, आधी का नाही बोललात?"

"तू विचारलं नाहीस."

"अहो, मला वाटलं, तुम्हाला..." त्यानं आवाज उतरवला, जणू त्या दुकानात कुणाला मराठी कळत होतं. "तुम्हाला सारखं जावं लागतं. मित्रांसमोर तुम्हालाच ऑकवर्ड होईल. तिथे मध्ये काहीच नाही."

"थांबे बघितलेस ना?"

त्यानं मोबाइल काढला. मी केलेली यादी वर सरकवली, खाली सरकवली. "म्हणजे हे चाकांसाठी नाहीत?"

"चाकांसाठीही आहेत."

तो हसायला लागला, बाई. लहानपणी हसायचा तसा, नाकातून. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. हैदराबादवाला म्हणाला, "भाई, लिखना है के नहीं लिखना?" मुलगा म्हणाला, "खलास, रहने दो. मालिक साथ जा रहा है." मग माझ्या हातातल्या प्रती काढून घेतल्या, उठताना माझ्या दुखऱ्या गुडघ्यासाठी आधाराला हात दिला आणि म्हणाला, "चला मग, बाबा."

घरी हे कळल्यावर बायको सुनेला म्हणाली, "अंघोळीच्या टबात उतरताना माझा हात धरतात, आणि हे होडीत बसणार." पण टोपी तिनंच परत काढून ठेवली, धुऊन. सून गोळ्यांच्या पुड्या करते आहे, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. नातीनं लाइफ जॅकेट माझ्या मापाचं मागवलं आणि म्हणाली, "आजोबा, प्लीज डोन्ट फॉल इन." केरळच्या मित्राचा निरोप आला, की अंकल येत असतील तर मागची खिडकी त्यांची.

जन्मभर मालाचे कागद केले, पण तुमच्याकडे काही पाठवायचं तर कुठले लागतात ते मला ठाऊक नाही. त्यामुळे हे पत्र इथेच माझ्या शर्टांखाली राहील. एक गोष्ट तुम्हालाच सांगतो, घरात बोलायची सोय नाही. मुलगा चला म्हणाला तेव्हापासून माझ्या छातीत जरा धडधडतंच आहे. इतका लांब रस्ता, परकी माणसं, ते नुसतं वाळवंट. काल दोनदा मनात आलं, बरं वाटत नाही म्हणावं आणि घरीच राहावं. मला जायचं होतं, बाई, पण त्याहून जास्त कुणीतरी चला म्हणायला हवं होतं. आता म्हणालेत, तर जावंच लागणार.